खचलेल्या कमानी : स्वस्त दुरुस्ती आणि तिची मर्यादा

बंगळुरूच्या बनशंकरी परिसरात भाजीपाला पोहोचवणाऱ्या एखाद्या जुन्या पिकअप गाडीची मागची बाजू रिकामी असतानाही खाली बसू लागली, की नव्या कमानी घ्याव्यात की जुन्याच दुरुस्त कराव्यात, असा प्रश्न मालकापुढे उभा राहतो.

प्रथम कारण शोधणे आवश्यक असते. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. एकच बाजू खचली असल्यास तुटलेला पाटा किंवा झिजलेले बुश हे कारण संभवते. शॉक ॲब्सॉर्बर हादरे शमवतात, वजन पेलत नाहीत; ते बदलून गाडी उचलली जात नाही.

जुन्या पाट्यांना पुन्हा बाक देणे स्वस्त पडते. मात्र थकलेले पोलाद काही काळाने परत बसते. दोन्ही बाजूंना योग्य मापाचा एकेक पाटा वाढवणे अधिक टिकाऊ ठरते. तडा गेलेला पाटा वेल्डिंग न करता बदलावा. यू बोल्ट नवे घालून काही दिवसांनी पुन्हा आवळावेत.

पाटा वाढला म्हणून भारक्षमता वाढत नाही. ब्रेक, टायर आणि ॲक्सल तेच राहतात. काही गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उंचावल्यास त्याला भार कमी भासतो व मागचा ब्रेक सौम्य लागतो. म्हणून तो नव्याने जुळवून घ्यावा लागतो.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. नोंदणीपत्रातील मर्यादा पाळणे हाच कमानी टिकवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होय.