एका घरात दोन चुली

एका छपराखाली दोन चुली पेटल्या, की आपल्याकडे ती भांडणाची खूण समजतात. कॉम्प्युटरच्या जगात मात्र नेमके उलटे आहे. तेथे दुसरी चूल मांडून दिली, तरच घरात शांतता नांदते! कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर वसवायचा आणि त्याला स्वतःचे ग्राफिक्स कार्ड द्यायचे, ही युक्ती आज अनेक हौशी मंडळी वापरतात. ती आहे तरी काय, हे समजून घेण्यासारखे आहे.

घरातला तंटा असतो तो असा. वडील किंवा थोरली बहीण आपले काम लिनक्सवर करतात. धाकट्या चिरंजीवांना हवे असतात विंडोजसाठी लिहिलेले खेळ. एकाच यंत्रात दोन्ही प्रणाली भरून ठेवता येतात हे खरे. पण एका वेळी एकच चालते. दुसरी हवी असेल, तर हातातले काम गुंडाळा, यंत्र बंद करा आणि पुन्हा सुरू करा. बरे, दुसरे यंत्र घ्यावे, तर खिसा ‘नको’ म्हणतो. मग दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालवता येणार नाहीत काय?

येतात; आणि ही कल्पना काही आजची नव्हे. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या केंद्रात १९६७ साली सीपी-४० नावाची प्रणाली कामाला लागली. एकाच मोठ्या यंत्रावर ती एकदम १४ आभासी यंत्रे उभी करी, आणि प्रत्येकावर काम करणाऱ्याला वाटे, की सारे यंत्र आपल्या एकट्याचेच आहे. यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. घरगुती कॉम्प्युटरच्या पंक्तीला हे पक्वान्न बऱ्याच उशिरा आले. इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी २००५-०६ च्या सुमारास आपल्या प्रोसेसरांतच त्याची तजवीज केली, आणि २००७ साली ‘केव्हीएम’ नावाची सोय लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. या विद्येत मूळ प्रणालीला यजमान म्हणतात आणि तिच्या आश्रयाने चालणाऱ्या प्रणालीला पाहुणा. आपल्या घरी यजमान लिनक्स, तर पाहुणा विंडोज!

पाहुण्याचे अडते कोठे?

पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे ही पाहुण्याची कामे यजमानाच्या भांड्याकुंड्यांत निभावतात. घोडे अडते ते खेळांपाशी. पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतील आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असतील, तर दर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. खरे ग्राफिक्स कार्ड हे करू शकते, कारण त्यात शेकडो, हजारो लहान गणकयंत्रे एकदम राबत असतात. पाहुण्याला एरवी मिळते ते मात्र सोंगाचे कार्ड. त्या सोंगाचा भार अखेर मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि भरधाव मोटार पडद्यावर बैलगाडीसारखी अडखळत चालते.

यावर तोड निघाली ती अशी, की सोंग पुरे. पाहुण्याला खरेच कार्ड देऊन टाका. २०१२ साली लिनक्समध्ये व्हीएफआयओ ही व्यवस्था आली, तिने हे काम सुकर केले. यंत्र सुरू होतानाच एक ग्राफिक्स कार्ड बाजूला काढून ठेवायचे. यजमानाने त्याला हात लावायचा नाही. पाहुणा आला की ते सर्वस्वी त्याचे. वेग मग खऱ्या यंत्राच्या अगदी जवळ जातो.

‘पाहुण्याच्या हाती खरी वस्तू दिली आणि त्याने घरच पेटवले तर?’ ही शंका रास्त आहे. ग्राफिक्स कार्ड मुख्य प्रोसेसरला न विचारता मेमरीत थेट लिहू-वाचू शकते. त्यातून पाहुण्याची समजूत अशी, की आपण पहिल्या खोलीत राहतो. प्रत्यक्षात त्याला दिलेली असते, समजा, चाळिसावी. कार्डाने त्याचे ऐकून पहिल्या खोलीत सामान टाकले, तर यजमानाच्या संसाराचा विचका होईल. म्हणून मदरबोर्डावर आणि प्रोसेसरात आयओएमएमयू नावाचा रखवालदार लागतो. तो प्रत्येक पत्ता तपासतो, पाहुण्याचा पत्ता बदलून खऱ्या खोलीचा करतो आणि परक्याच्या खोलीकडे जाणाऱ्याला दारातच अडवतो.

खर्चाचा हिशेब

हा थाट फुकट होत नाही. पाहुण्याला दिलेले कार्ड तेवढा वेळ यजमानाला वापरता येत नाही. म्हणून यजमानासाठी प्रोसेसरमधले अंगचे ग्राफिक्स किंवा दुसरे साधे कार्ड हवे. मेमरी १६ जीबी असेल, तर ८ पाहुण्याला गेल्यावर उरलेल्या ८ मध्येच यजमानाने भागवायचे. काही मदरबोर्डांवर तर कार्ड आणि इतर भाग एकाच गटात बांधलेले असतात. एक द्यायचे तर सगळा गट द्यावा लागतो. एएमडीच्या काही जुन्या कार्डांची आणखी एक खोड आहे: पाहुणा निघून गेला, तरी सबंध यंत्र पुन्हा सुरू केल्याखेरीज ती दुसऱ्यांदा कामाला लागत नाहीत.

दाराला आतून कडी

पण खरा प्रश्न पैशांचा नाहीच. एनव्हीडिया कंपनीची घरगुती ‘जीफोर्स’ कार्डे आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत असे कळले, की ‘कोड ४३’ अशी पाटी दाखवून काम थांबवीत. कार्ड धडधाकट, पैसे मोजलेले, आणि तरीही ही अडवणूक! पाहुण्यापासून घराची ओळख लपवण्याच्या युक्त्या मग हौशी लोकांनी शोधून काढल्या. अखेर २०२१ साली कंपनीने आपल्या ड्रायव्हरांतून हा अडसर काढला. विकत घेतलेली वस्तू आपल्या घरात कशी वापरावी, हे विकणाऱ्याने ठरवावे काय, असा हा वाद होता. आणि या फेरीत निकाल गिऱ्हाइकाच्या बाजूने लागला.

दुसरी कडी अजून उघडलेली नाही. ‘व्हॅलोरंट’सारख्या चढाओढीच्या खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी असतो, आणि व्हर्च्युअल मशीन दिसताच तो खेळ नाकारतो. येथे मात्र केवळ कंपनीला नावे ठेवून चालणार नाही. यजमानाला पाहुण्याच्या मेमरीत डोकावता येते. त्यामुळे प्रतिस्पर्धी कोठे दडला आहे, हे लबाडाला बाहेरून पाहता येईल. उलट बाजूने पाहिले, तर हा पहारेकरी यंत्राच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो. आपल्या हिशेबाच्या वह्या असलेल्या घरात तो नको, पाहुण्याच्या खोलीतच असू दे, असे एखाद्या गृहस्थाला वाटले तर त्याचेही चुकत नाही. दोघांचेही म्हणणे खरे, म्हणूनच तडजोड अवघड.

तेव्हा चिरंजीवांनी हट्ट धरला, तर घाईने दुकान गाठू नये. २०१८ साली व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन हे साधन आणले, तेव्हापासून विंडोजचे पुष्कळ खेळ थेट लिनक्सवरच चालू लागले आहेत. हवा असलेला खेळ त्यांत असेल, तर दुसरी चूल मांडायचे कारणच उरत नाही. नसेल, तर तो खेळ व्हर्च्युअल मशीनमध्ये चालू देतो की नाही, हे आधी पाहावे. मग मदरबोर्डावर तो रखवालदार आहे का, हे विचारावे. आणि कार्डाची किंमत सर्वांत शेवटी!