लाल हिरा : दोषातून जन्मलेले दुर्मीळ रत्न

सिडनी डीयंग हे अमेरिकेतील बोस्टन शहरातील जुन्या दागिन्यांचे व्यापारी. एका जुन्या संग्रहाबरोबर त्यांच्याकडे टोपीला लावावयाची एक पिन आली. तीत जडविलेला तांबूस-लाल खडा गार्नेट, म्हणजेच तामडा, असल्याचा समज होता. परीक्षेअंती तो चक्क ५.०३ कॅरटचा लाल हिरा निघाला! १९८७ मध्ये तो वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयाला मिळाला. आज तो ‘डीयंग रेड’ या नावाने ओळखला जातो.

तज्ज्ञ डोळ्यांनाही हा खडा हिरा वाटू नये, यात नवल नाही. कारण रंगीत हिऱ्यांमध्ये लाल हिरा सर्वांत विरळा होय. बहुतेक लाल हिरे एका कॅरटच्या आतलेच असतात. निर्भेळ लाल रंगाच्या ज्ञात हिऱ्यांतील सर्वांत मोठा ‘मुसाएफ रेड’ हा ५.११ कॅरटचा, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम वजनाचा आहे. १९९० च्या दशकात ब्राझीलमधील एका शेतकऱ्याला तो १३.९० कॅरटच्या कच्च्या खड्याच्या रूपात सापडला. पैलू पाडताना त्याचे साठ टक्क्यांहून अधिक वजन गेले, तेव्हा कोठे त्याचे तेज प्रकट झाले.

हा रंग येतो कोठून? पिवळ्या हिऱ्याला नायट्रोजन रंग देतो, निळ्याला बोरॉन. लाल हिऱ्यात मात्र असा कोणताही परका पदार्थ रंग भरत नाही. भूगर्भात दीडशे किलोमीटरहून अधिक खोलीवर हिरा घडल्यानंतर भूपट्टांच्या रेट्यामुळे त्याच्यावर प्रचंड ताण येतो. स्फटिक फुटत नाही. परंतु त्यातील कार्बन अणूंचे थर आपल्या जागेवरून किंचित सरकतात. अशा विस्कटलेल्या रचनेचा हिरा प्रकाशातील हिरवा भाग शोषून घेतो आणि लाल छटा आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचते. हा परिणाम सौम्य असेल तर हिरा गुलाबी दिसतो, अत्यंत गडद झाला तर लाल. म्हणूनच रत्नप्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर ‘फिकट लाल’ अशी श्रेणीच नसते.

हा ताण आणखी वाढला, तर तोच हिरा तपकिरी होतो! ऑस्ट्रेलियातील अर्गाइल खाण याची साक्ष देते. सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वी झालेल्या भूखंडांच्या टकरीत तेथील हिरे पिळवटले गेले. पुढे सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी भूखंड दुभंगू लागला आणि लाव्हारसाने ते वर आणले. १९८३ ते २०२० या काळात या खाणीने ८६ कोटी कॅरटहून अधिक हिरे दिले. त्यांतील लहान, बहुतांशी तपकिरी मालाला गुजरातमधील कारखान्यांत पैलू पडले आणि हजारो कारागिरांच्या घरच्या चुली पेटल्या. त्याच खाणीच्या वार्षिक विक्रीसाठी निवडलेल्या मोजक्या रत्नांतही लाल हिरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असत. एकाच मातेची ही लेकरे. परंतु एक पुडीतून विकले गेले, तर दुसरे तिजोरीत विसावले.

अशा रत्नाचे मोल किती? वॉरेन हॅनकॉक या संग्राहकाने १९५६ मध्ये ०.९५ कॅरटचा जांभळट-लाल हिरा १३,५०० डॉलरला घेतला होता. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ८,८०,००० डॉलर मिळाले. रंगीत हिऱ्यांच्या बाजाराकडे जगाचे लक्ष वळविणारा हा सौदा मानला जातो.

मोल वाढले की मोहही वाढतो. आज किरणोत्सर्ग व उष्णता यांच्या प्रक्रियेने साध्या हिऱ्यालाही लाल केले जाते. प्रयोगशाळेत वाढविलेले लाल हिरेही मिळतात. त्यांची विक्री करण्यात गैर काही नाही. गैर आहे ते सत्य लपविण्यात. नैसर्गिक रंग कोणता व कृत्रिम कोणता, हे नुसत्या नजरेला कळत नाही. तेथे प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आणि विक्रेत्याचा शब्द, दोन्ही लागतात.

चौदाव्या शतकात दिल्लीच्या टांकसाळीत अधिकारी असलेले जैन विद्वान ठक्कुर फेरू यांनी प्राकृतात ‘रयणपरिक्खा’ हा रत्नपरीक्षेचा ग्रंथ रचला. व्यापाऱ्याच्या घरी पारख ही विद्या मानली जात असे. बोस्टनच्या त्या पिनेने हेच शिकविले : रत्न हाती येणे हा योग असतो, ते ओळखणे ही साधना, आणि जे आहे तेच सांगून विकणे ही खरी पेढीची पुंजी.