घाटउतारावर वेगनियंत्रक
महाडच्या औद्योगिक वसाहतीतून रसायनांचा टँकर निघाला की केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ नुसार त्याला ताशी ६० किलोमीटरची मर्यादा. डंपर आणि शाळेच्या बसलाही तीच. बाकी बहुतेक व्यावसायिक वाहनांना ८०. फरक किरकोळ वाटतो, पण ८० ने धावणाऱ्या टँकरची ऊर्जा ६० च्या पावणेदोन पट असते.

ही मर्यादा राखणारा वेगनियंत्रक इंजिन पाहूनच निवडावा. जुन्या डिझेल गाडीत तो इंधनाचा पुरवठा आवळतो. इलेक्ट्रॉनिक पेडलच्या गाडीत पेडलचा संकेतच अडवतो. टायरचा आकार बदलला की वेगाचा हिशेब चुकतो, जुळवणी पुन्हा करून घ्यावी लागते. सील तोडून ‘थोडं वाढवून’ देणारे महाभाग भेटतातच. त्यांच्या नादी लागू नये.

खरी गोम पोलादपूरच्या पुढे. कशेडीचा जुना घाट किंवा महाबळेश्वरहून आंबेनळी उतरताना गाडी ओढतं ते गुरुत्वाकर्षण. वेगनियंत्रक इंधन तोडतो, ब्रेक लावत नाही! न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी त्याला जुमानत नाही. सतत दाबलेले ब्रेक तापून पकड सोडतात. तिथं खालचा गिअर टाकून इंजिनालाच गाडी रोखायला लावायचं, तेही उतार सुरू होण्याआधी.