नाताळात गाढवाचं गाणं डोक्यात का बसतं?

लू मॉन्टे या अमेरिकी गायकाने १९६० साली 'डॉमिनिक द डाँकी' हे नाताळगीत गायलं. इटलीचे डोंगर रेनडिअरना चढता येत नाहीत, म्हणून सांताच्या मदतीला आलेलं गाढव त्यात चक्क तालात रेकतं. रेडिओवर सतत वाजल्यावर २०११च्या नाताळात हे गाणं ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. या यशामागे केवळ थट्टा नव्हती. अनोळखी गोष्ट वारंवार समोर आली की आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८मध्येच दाखवलं होतं.

मग रोज कानावर आदळणारी प्रत्येक जाहिरात का आवडत नाही? कारण नुसती पुनरावृत्ती पुरत नाही. संशोधक केली याकुबोव्स्की यांच्या २०१६च्या अभ्यासात डोक्यात घोळणाऱ्या चाली तुलनेने जलद आणि ओळखीच्या वळणाच्या आढळल्या, पण मध्येच अनपेक्षित उडी घेणाऱ्या. माझ्या मते गाढवाचं रेकणं हीच ती उडी. अतिपरिचयाने कंटाळा येतो हा आक्षेप खरा आहे, पण सणाचं गाणं अकरा महिने विश्रांती घेतं आणि पुन्हा ताजं होऊन येतं. तरीही ते छळू लागलं, तर च्युइंगम चघळा. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या २०१५च्या प्रयोगांत त्याने गाणं मनात येण्याचं प्रमाण घटलं होतं.