कृत्रिम हात अंगावर टिकतो कसा?

पारोळ्यासारख्या शेतीच्या तालुक्यात कुट्टीयंत्र कष्ट वाचवते. पण चारा सारता सारता कधी त्यातच हात सापडतो. कोपराखालचा हात गेला, तर पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र (स्थापना १९४४) किंवा मुंबईत हाजीअलीची पुनर्वसन संस्था (१९५५) अशा ठिकाणी कृत्रिम हात मिळतो. आपले लक्ष जाते पंजाकडे. पण तो हात वापरात राहील की खुंटीला लटकेल, हे पुष्कळदा ठरवते ते सॉकेट, म्हणजे उरलेला हात ज्यात शिरतो ती कडक खोळ.

जुन्या पद्धतीत खोळ सैलसर असते. तिला खांद्यावरून, पाठीवरून गेलेले पट्टे तोलतात. पट्टे काचतात, पण कोपर मोकळे राहते.

पट्ट्यांवाचून खोळ टिकेल का? १९५०च्या दशकात जर्मनीतील म्युन्स्टर येथे कोपरालाच धरणारी खोळ तयार झाली. तिची पकड आपण स्वतःवर पाहू. डावा अंगठा उजव्या कोपराच्या खळगीत आणि बोटे मागच्या टोकदार हाडावर दाबून धरा. आता कोपर वाकवा. स्नायू फुगून अंगठ्याला ढकलतो! म्हणून या खोळीत हात पुरता वाकत नाही, पुरता सरळही होत नाही. उरलेला हात अगदी आखूड असेल, तर मात्र हीच पकड उपयोगी पडते.

आता कोपराच्या दोन्ही बाजूंची हाडे, उंचवट्यांच्या किंचित वर, चिमटीत धरा आणि पुन्हा वाकवा. चिमटी फारशी सुटत नाही. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १९७०च्या दशकात आलेली खोळ अशीच बाजूंनी धरते; कोपर जास्त वाकते. पण उरलेला हात त्या मानाने लांब हवा.

दोन्ही पकडींत एक गोष्ट जाते. कोपर स्थिर ठेवून तळवा उलटसुलट करा: मनगटाजवळची हाडे फिरतात, कोपराजवळची जेमतेम. लांब उरलेल्या हातात हे फिरणे थोडे शिल्लक असते. कोपर आवळणारी खोळ तेही अडवते.

शिवाय खानदेशचा उन्हाळा! चाळिशीपलीकडच्या पाऱ्यात बंद प्लॅस्टिकमध्ये घाम साचतो, कातडी सोलवटते. विजेच्या हाताला तर स्नायूंचे संकेत टिपण्यासाठी खोळ घट्टच लागते.

भाकरीचा घास तोंडाशी नेण्यास कोपर चांगले वाकावे लागते. कपाशी वेचताना हात पुढे लांबवावा लागतो. माप देणाऱ्याने तंत्रज्ञापुढे ही कामे प्रत्यक्ष करून दाखवावीत. प्लास्टरचा साचा घेतला जातो तो त्यानंतर.