रिमोट बंद केला आणि पंखा सुरू झाला

रविवारची दुपार होती. कॅज्युअल्टीत एक सोळा वर्षांचा मुलगा उजव्या हाताला टॉवेल गुंडाळून आला. सोबत आई. आमच्या नंदुरबारकडे बोटं कापलेला पेशंट दिसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कडबाकुट्टी का?’ आई म्हणाली, ‘नाही साहेब, विमान.’

थर्माकोलच्या शिटा कापून पोराने स्वतः विमान बनवलं होतं. मोटर, बॅटरी आणि रिमोट ऑनलाइन मागवलेले. विमान उडालं, नीट उतरलं. त्याने रिमोट बंद केला आणि बॅटरी काढायला हात पुढे केला. त्याच क्षणी नाकावरचा पंखा फिरायला लागला. तर्जनी आणि मधलं बोट मिळून नऊ टाके पडले. हाड वाचलं, पण मधल्या बोटाच्या टोकाची संवेदना वाहून नेणारी बारीक नस दुखावली.

रिमोट बंद केल्यावर पंखा कसा सुरू होईल, म्हणून वडील पोरालाच खोटं ठरवत होते. पोरगं खरं बोलत होतं. विमानात बसवलेला रिसीव्हर रिमोटचा संदेश सतत ऐकत असतो. संदेश तुटला तर काय करायचं, हे त्याला आधी शिकवून ठेवावं लागतं. त्याला फेलसेफ म्हणतात. रिमोट आणि रिसीव्हरची पहिल्यांदा जोडणी करताना वेगाची दांडी जिथे असेल, तीच जागा काही रिसीव्हर फेलसेफ म्हणून लक्षात ठेवतात. याची दांडी तेव्हा मध्यावर होती. रिमोट गप्प झाला, रिसीव्हरला वाटलं संपर्क तुटला, आणि त्याने शिकवल्याप्रमाणे मोटरला अर्धा वेग दिला.

टाके काढायला आला तेव्हा पोराने हळूच विचारलं, ‘साहेब, मग कोणता रिमोट घेऊ?’ आई समोरच होती, तिचा चेहरा पाहून मी तेव्हा विषय बदलला. पण प्रश्न बरोबर होता. एनसीसीच्या एअर विंगमुळे, शाळांतल्या प्रयोगशाळांमुळे आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे हा छंद आता तालुक्याच्या गावांतही आला आहे. मलाही विद्यार्थिदशेत रबरबँडवर चालणारी विमानं उडवायचा नाद होता, त्यामुळे पोरांची बाजू मला कळते.

दुकानदार पहिल्यांदा सांगतो ती रेंज. पाच किलोमीटर, दहा किलोमीटर. या आकड्यासाठी पैसे मोजू नका. छंदासाठीचं विमान किंवा ड्रोन नजरेच्या टप्प्यातच उडवायचं, असं २०२१ चे ड्रोन नियम सांगतात. आणि नजरेचा टप्पा किती, हे आमच्या दवाखान्यातला डोळे तपासायचा तक्ता सांगतो. ६/६ च्या ओळीतलं अक्षर सहा मीटरवरून डोळ्याशी ५ मिनिटांचा, म्हणजे एका अंशाच्या बाराव्या भागाचा कोन करतं. साधारण तेवढ्या कोनात निरोगी डोळा आकार ओळखतो. २५ सेंटिमीटरचा ड्रोन तेवढा कोन करतो तो सुमारे १७० मीटरवर. त्यापुढे तो ठिपका म्हणून दिसेल, पण त्याचं तोंड तुमच्याकडे आहे की पाठ, ते कळणार नाही. तोंड तुमच्याकडे असताना डावीकडची दांडी त्याला तुमच्या उजवीकडे नेते. इथेच बहुतेक ड्रोन झाडात जातात. चष्म्याचा नंबर वाढलाय आणि चष्मा बदललेला नाही, अशा मुलांचं तर विचारूच नका. म्हणजे रिमोटच्या आधी तुमचा डोळा थकतो.

लहरींचंही थोडं समजून घ्यावं. हल्लीचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफाय चालतो त्याच पट्ट्यात. आपल्याकडे हा पट्टा विनापरवाना वापराला खुला आहे. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचाही आहे. लांब पल्ल्याचे म्हणून ‘९१५’ असं लिहिलेले रिमोट विकले जातात, ते अमेरिकेतल्या पट्ट्यासाठी बनवलेले असतात. त्यातला काही भाग आपल्याकडे मोबाइल सेवेला दिलेला आहे. ते घेऊ नका.

पूर्वी दोघांचे रिमोट एकाच लहरीवर आले की एकाचं विमान कोसळायचं. आताचे रिमोट सेकंदाला कितीतरी वेळा लहर बदलतात, त्यामुळे मैदानावर चारपाच जण एकत्र उडवू शकतात. असं लहरी बदलत बोलण्याच्या एका युक्तीचं पेटंट १९४२ मध्ये हेडी लमार या हॉलिवूडच्या नटीने आणि एका संगीतकाराने मिळून घेतलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी डोंगराला वळसा घालत नाहीत. तोरणमाळला किंवा धडगावच्या बाजूला विमान टेकडीआड गेलं की संपर्क तुटलाच म्हणून समजा. ओली झाडं आणि माणसाचं शरीरही या लहरी शोषतात, कारण दोन्हींत पाणी भरपूर. म्हणून विमानाकडे पाठ करून उभं राहू नये. अँटेनाचं टोकही विमानाकडे रोखू नका. टोकाच्या दिशेने लहर सर्वांत कमजोर असते.

पालक विचारतात, या लहरींनी काही होतं का? असा रिमोट साधारण दशांश वॉट ताकदीने चालतो आणि तो आपण हातात धरतो, मोबाइलसारखा कानाला लावत नाही. या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशीतल्या डीएनएचे बंध तोडू शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं, ते मुख्यतः मोबाइलच्या जास्त वापराबद्दलच्या मर्यादित पुराव्यावरून. काळजी करायचीच तर पंख्याची करा, आणि लिथियम बॅटरीची. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, रात्री चार्जिंगला लावून झोपू नका आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ती बंद गाडीत तर ठेवूच नका.

मग रिमोट घेताना बघायचं काय? फेलसेफ आपल्याला ठरवता येतो का, हे पहिलं. वेगाची दांडी वर असताना रिमोट सुरू केला तर तो ओरडून सांगतो का? मोटर बंद ठेवायचं वेगळं बटण आहे का? कमी ताकदीवर रेंज तपासायची सोय आहे का? मग हातात धरून बघा. अंगठा दांडीपर्यंत ताण न देता पोहोचला पाहिजे. जड रिमोट तासन् तास धरून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ दुखणं घेऊन येणारे तरुण मी पाहिले आहेत. गळ्यात पट्टा असेल तर वजन मानेवर जातं. संगणकाला जोडता येणारा रिमोट घेतलात तर पहिले दोन महिने पडद्यावरच उडवा, तिथे काही तुटत नाही. विमानं मोडतात, बदलतात. चांगला रिमोट अनेक वर्षं पुरतो, म्हणून आधी तो घ्या, विमान नंतर.

आणलेल्या रिमोटची परीक्षा घरीच घ्या. पंखा काढून ठेवा, विमान बांधा, मोटर हळू चालवा आणि रिमोट बंद करा. मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही तर फेलसेफ पुन्हा लावा. मैदानावर सुरुवात करताना आधी रिमोट, मग विमानाची बॅटरी. संपवताना उलट: आधी विमानाची बॅटरी काढायची, रिमोट शेवटी बंद करायचा. आमच्या पेशंटने हा क्रम उलटा केला होता.

डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावाला ड्रोनने कोविड लसीचे ३०० डोस पोहोचवले, नऊ-दहा मिनिटांत. सातपुड्यातल्या पाड्यांसाठी असं काही व्हावं, असं मलाही वाटतं. पण अशा ड्रोनना वाट आधी भरून दिलेली असते. घरच्या रिमोटवर औषधं पाठवायचा प्रयोग कुणी करू नये. मिरची वाळत घातलेल्या पथारीवरूनही खालून उडवू नका. पंख्याचा वारा आणि मिरचीची भुकटी एकत्र आली की काय होतं, ते डोळ्यांच्या ओपीडीत विचारा.

इतकं करूनही बोट कापलंच तर स्वच्छ कपड्याने दहा मिनिटं दाबून धरा, मधे उचकटून बघू नका. हात हृदयापेक्षा वर ठेवा. अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर ती निघत नाही. हळद, चहापूड, पेट्रोल काहीही भरू नका. तुकडा पडला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात नको. तोंडात पाणी किंवा चहा न देता दवाखान्यात आणा, भूल द्यावी लागू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते आठवून ठेवा. डोळ्याला लागलं तर चोळू नका, दाबू नका. वर कागदी कप उलटा ठेवून चिकटवा आणि निघा.

त्या मुलाच्या मधल्या बोटाचं टोक अजून बधिर आहे. नस हळूहळू वाढते, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा बोलावलं आहे.