"तूच लिहून आण, मी सही करतो": परदेशातल्या मास्टर्सच्या अर्जाची खरी तयारी

मागच्या भागानंतर इन्स्टावर जे मेसेज आले, त्यातले निम्मे एकाच सुरातले होते. "ताई, अमेरिकेत एमएसला अप्लाय करायचंय, एसओपी कसा लिहू?" म्हणून आजचा हा भाग. पण एसओपीकडे मी जरा उशिराच येणार आहे. कारण पहिल्या वर्षी मी ८ अर्ज केले आणि ८ नकार आले. आणि एसओपी? तो तर एकदम गुळगुळीत होता. एका कन्सल्टंटला १५ हजार रुपये देऊन करून घेतला होता.

सगळं मिळून लाखाच्या वर गेले त्या वर्षी. जीआरई, आयएलटीएस, प्रत्येक अर्जाची वेगळी फी. बाबांनी पतसंस्थेतून उचलले होते. मार्चमध्ये शेवटचा नकार आला तेव्हा मी घरी दोन दिवस सांगितलंच नाही. बाबा रोज विचारायचे, "आलं का गं काही?" आणि मी म्हणायचे, "अजून नाही."

तर काय चुकलं होतं, ते आज सांगते.

अमेरिकेतल्या अर्जाला साधारण तीन शिफारसपत्रं लागतात. मी विभागप्रमुखांकडे गेले. सर चांगले होते, बिचारे कामात होते. म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." दुसऱ्या सरांनीही तेच सांगितलं, तिसऱ्या मॅडमनीही तेच. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. उलट बरं वाटलं, की मनासारखं लिहिता येईल! रात्री बसून मी तीन पत्रं लिहिली. तिन्हीत मी हुशार, मेहनती, वक्तशीर आणि टीमबरोबर मिळून-मिसळून काम करणारी. तिन्हीत तीच विशेषणं, स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी.

पुढे मी इथे आले, पीएचडीला लागले. आमच्या विभागाच्या प्रवेश समितीवर एक विद्यार्थी असतो, ते काम एक वर्ष माझ्याकडे होतं. तेव्हा दुसऱ्या बाजूनं फाइली वाचल्या. आणि खरं सांगते, स्वतः लिहिलेली पत्रं दुसऱ्या मिनिटाला कळतात. एका विद्यार्थ्याची तिन्ही पत्रं एकाखाली एक उघडलेली असतात हो, वेगवेगळी नाही वाचत कुणी. आणि जे पत्र कुठल्याही मुलाला लागू पडेल, ते वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याला हवं असतं एवढंच: या मुलीबरोबर काम केलेल्या माणसाला हिच्याबद्दल नेमकं काय माहीत आहे?

आणि हे फसवणुकीतच मोडतं, हेही सांगून ठेवते. पत्र सरांचं आहे असं तुम्ही अर्जात कबूल करून देता. पकडलं गेलं तर मिळालेला प्रवेशसुद्धा रद्द होऊ शकतो.

आता पत्र तिकडे पोचतं कसं ते बघा, म्हणजे बऱ्याच गोष्टी सुटतील. तुम्ही अर्जात सरांचा ईमेल टाकता. विद्यापीठाकडून सरांना लिंक जाते. त्या लिंकवर सर स्वतः पत्र अपलोड करतात, आणि बऱ्याच ठिकाणी सोबत एक फॉर्म भरतात: हा विद्यार्थी आजवर शिकवलेल्यांपैकी वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत? कॉलेजचा अधिकृत ईमेल असेल तर तोच द्या, तो जास्त विश्वासाचा वाटतो. आणि ती लिंक हमखास स्पॅममध्ये जाते. माझ्या एका सरांची तिथे ११ दिवस पडून होती! त्यामुळे लिंक गेली की सरांकडे जाऊन, त्यांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर मेल आलाय का हे बघून घ्या. लाजू नका.

अर्जात एक प्रश्न असतो, त्यावर सगळे अडतात. "हे पत्र बघण्याचा हक्क तुम्ही सोडता का?" अमेरिकेत १९७४ चा एक कायदा आहे, फर्पा म्हणतात त्याला. प्रवेश घेतल्यावर विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं बघायचा हक्क त्यानं मिळतो, त्यात ही पत्रंही येतात. तो हक्क सोडायचा की ठेवायचा, ते तुम्ही ठरवायचं. सोडा. तुम्ही पत्र बघणार नाही हे माहीत असलं, की वाचणारा त्या पत्रावर जास्त भरवसा ठेवतो.

दुसऱ्या वर्षी मी काय केलं? आधी एक नोकरी नाकारली, त्यावरून घरात महाभारत झालं, ते सोडा. मी आमच्या मृदा प्रयोगशाळेच्या सरांकडे गेले. हे सर पहिल्या वर्षी माझ्या यादीतच नव्हते, कारण ते विभागप्रमुख नव्हते. ही पण आपली एक खोड: जितकं पद मोठं तितकं पत्र वजनदार, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. तुम्हाला ओळखतच नसलेल्या प्राचार्यांपेक्षा, सहा महिने तुमचं काम बघितलेले साधे असिस्टंट प्रोफेसर बरे.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन किती जमिनी क्षारपड झाल्यात, ते तिकडच्यांना सांगायला नको. काकांचा दोन एकराचा एक तुकडा असाच गेलेला, उन्हाळ्यात मीठ पसरल्यासारखा पांढरा दिसतो. सर म्हणाले, "तिथलीच माती आण." मी १४ जागी, प्रत्येक जागी तीन खोलींवर, अशी ४२ सँपल काढली. मे महिन्यातलं ऊन आणि हातात ऑगर. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर स्केच पेननं नंबर घातले.

सगळ्यात खालच्या थराची माती ओली निघाली, कारण पाणी वरच होतं. पिशव्या आतून-बाहेरून भिजल्या आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत त्या १४ च्या १४ पिशव्यांवरचे नंबर पुसले गेले होते.

अंदाजानं नंबर टाकायचा मोह झाला होता. खरंच झाला होता. पण सरांना सांगितलं. सर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "जा, परत काढ." परत गेले तोवर वळवाचे दोन जोरदार पाऊस होऊन गेले होते, म्हणजे वरच्या दोन थरांच्या आकड्यांशी हे नवे आकडे सरळ जुळवता येणार नव्हते. सर म्हणाले, "मग तसंच लिही रिपोर्टमध्ये. नंबर पुसले गेले, पाऊस झाला, सगळं लिही."

नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे पत्र मागितलं. ते म्हणालेच, "माझं इंग्रजी काही तुमच्यासारखं नाही, तूच लिही की." मी म्हटलं, "सर, मी एका कागदावर माहिती देते, पत्र मात्र तुम्हीच लिहा. साधं असलं तरी चालेल." तो कागद कसा होता ते सांगते, कारण तुम्हालाही लागेल. आपण कधीपासून कधीपर्यंत एकत्र काम केलं, मी नेमकं काय केलं, काय चुकलं, त्यांच्या विषयात मार्क किती, आणि कुठल्या विद्यापीठाची शेवटची तारीख कुठली. बस. स्वतःची स्तुती एक ओळही नाही. दीड महिना आधी दिला, तीन दिवस आधी नाही.

पत्र मी आजतागायत वाचलेलं नाही. पण इथे आल्यावर माझ्या गाइडची पहिली भेट झाली, तेव्हा बसल्या बसल्या त्यांनी हसून विचारलं, "मग, आता पिशव्यांवर कशानं लिहितेस?"

बरं, या गाइड मला मिळाल्या कशा, हा दुसरा भाग. पहिल्या वर्षी मला हे माहीतच नव्हतं. कॉम्प्युटर सायन्सचं एमएस असतं ना, बहुतेक ठिकाणी कोर्स करायचे, फी भरायची, प्रवेश समिती ठरवणार. तिथे प्रोफेसरांना मेल करून फारसं काही होत नाही, उगाच वेळ घालवू नका. पण माती, पाणी, शेती, पर्यावरण असल्या विषयांत थीसिसवालं एमएस असेल तर चाल वेगळी. तिथे एखाद्या प्रोफेसरनं "हो, हिला मी घेते, माझ्याकडे प्रोजेक्टचा पैसा आहे" असं म्हणावं लागतं. मग रिसर्च असिस्टंटशिप मिळते: आठवड्याला साधारण २० तास काम, ट्युशन फी माफ आणि महिन्याला खर्चापुरते पैसे. १८६२ च्या मॉरिल कायद्यानंतर शेती आणि इंजिनिअरिंग शिकवायला उभी राहिलेली लँड-ग्रँट विद्यापीठं आहेत तिकडे, म्हणजे पर्ड्यू, कॉर्नेल, टेक्सस ए अँड एम वगैरे. तिथे हे जास्त दिसतं. माझे पहिले ८ अर्ज तशाच ठिकाणी गेले होते आणि मी एकाही प्रोफेसरला आधी एक ओळ लिहिली नव्हती. म्हणजे माझी फाइल "हो" म्हणू शकेल असं तिथे कुणी नव्हतंच!

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये १९ मेल पाठवले. ६ उत्तरं आली, त्यातल्या दोघांकडे पैसा होता. मेल पाच-सहा ओळींचा. मी कोण, मी काय मोजलं, तुमच्या अमुक पेपरमधल्या कुठल्या गोष्टीशी त्याचा संबंध लागतो, आणि पुढच्या फॉलला तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का. सोबत सीव्ही. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड रिसर्च" असला मेल त्यांना रोज डझनभर येतो. आणि १९ जणांना तोच मेल कॉपी-पेस्ट करू नका, नाव बदलायचं राहून जातं. माझं एकदा राहिलं.

आता एसओपी. कन्सल्टंटनं लिहिलेल्या माझ्या एसओपीचं पहिलं वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं: "लहानपणापासूनच मला निसर्गाविषयी अपार कुतूहल होतं आणि पाणी हे जीवन आहे यावर माझा ठाम विश्वास आहे." आता सांगा, यातून कुणाला काय कळलं?

दुसऱ्या वर्षीची सुरुवात साधारण अशी होती: "माझ्या काकांच्या दोन एकर क्षारपड शेतात मी १४ ठिकाणी तीन खोलींवर मातीची विद्युतवाहकता मोजली. पावसानं वरच्या थरातले क्षार खाली जातात हे आकड्यांत दिसलं, पण पाऊस थांबल्यावर ते किती वेगानं परत वर येतात, हे माझ्या मोजणीतून सांगता येत नाही. मला ते शिकायचं आहे." इंग्रजी काही भारी नव्हतं. पण वाचणाऱ्याला कळत होतं की मी काय केलंय, कुठे अडकलेय आणि त्यांच्याकडे का येतेय. बाकी दीड पान याच तीन गोष्टींचं होतं.

एआयकडून लिहून घेऊ का, हे तुम्ही विचारणारच. व्याकरण तपासायला वापरा, तेसुद्धा त्या विद्यापीठाचा नियम आधी वाचून. अख्खा लिहून घेतलात तर तो माझ्या कन्सल्टंटवाल्यासारखाच होणार, फक्त १५ हजार वाचतील.

बाकीचं पटापट सांगते. सीजीपीए स्वतःहून ४ च्या स्केलवर बदलू नका, मार्कशीटवर आहे तसाच द्या, त्यांना करता येतो हिशोब. एखादी सेमिस्टर खराब गेली असेल तर एका वाक्यात कारण सांगा आणि पुढे चला. ट्रान्सक्रिप्टला आपल्या विद्यापीठांत आठवडेच्या आठवडे लागतात, त्यामुळे दिवाळीच्या आधी अर्ज टाका. मात्र अर्जाच्या वेळी बहुतेक ठिकाणी स्कॅन केलेली प्रत चालते, सीलबंद पाकीट प्रवेश मिळाल्यावर. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत संपते, स्कोअर ५ वर्षं चालतो आणि चार ठिकाणी फुकट पाठवता येतो. पण आता कितीतरी विभाग तो मागतच नाहीत. आधी यादी करा, मग परीक्षेचे पैसे भरा. मी उलटं केलं होतं. तीन वर्षांची बीएस्सी असेल तर काही विद्यापीठं १६ वर्षांचं शिक्षण मागतात, ते त्या-त्या विभागाच्या पानावर बघा. फी माफीसाठी विभागाला मेल करून विचारा, काही जण देतात, मला दोन ठिकाणी मिळाली. आणि असिस्टंटशिपची ऑफर आली आणि कुणी "तीन दिवसांत सांग" म्हणून घाई केली तर १५ एप्रिल लक्षात ठेवा. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे, त्यावर सह्या केलेली विद्यापीठं त्या तारखेआधी तुमच्याकडून उत्तराची सक्ती करत नाहीत.

जाता जाता सोलापूरच्या एका श्रोत्याचा मेसेज. त्याची डेडलाइन १५ डिसेंबर, म्हणजे तीन आठवडे राहिलेत. त्यानं लिहिलंय, "ताई, दोन पत्रं मीच लिहिलीत, सरांच्या सह्यापण झाल्यात. आता काय करू?"

अरे, अपलोड झाली नाहीत ना अजून? मग वेळ आहे. दोघांपैकी ज्या सरांनी तुझा प्रोजेक्ट बघितलाय त्यांच्याकडे उद्याच जा. फोन नको, समोर जा. सांग, "सर, ते पत्र राहू द्या, तुम्ही स्वतः दहा ओळी लिहाल का?" सोबत तो माहितीचा कागद ने. प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं होतं तेही त्यात लिही. दुसऱ्या सरांनी नाहीच म्हटलं, तर ज्या मॅडमनी तुझं प्रॅक्टिकल घेतलंय त्यांना विचार. आणि लिंक गेल्यावर स्पॅम बघायला विसरू नकोस. काय झालं ते मला कळव.